हो कशाला म्हटलं होतं

सळयांची मोळी हवेत लटकत होती, आणि ती कशासाठी लटकते आहे हे तिला एकाएकी कळेनासं झालं. चक्कर आली नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी आली नव्हती. उलट सगळं नको तितकं स्पष्ट दिसत होतं. क्रेनच्या केबिनच्या काचेवर वाळलेला पाखराचा शिंतोडा, पलीकडच्या गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालणारी बाई, पोलादी दोरावरचं काळपट वंगण, स्वतःच्या मनगटावरची घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण. काही मागे नाही, काही पुढे नाही. या सगळ्या गोष्टींनी जणू एकदम दारात गर्दी केलेली. वॉकीटॉकीतून मामांचा आवाज येत होता, "घार, घे खाली. सावकाश. घार?" तो तिला ऐकू येत होता, शब्द न् शब्द समजत होता. घार म्हणजे आपण, खाली म्हणजे खाली, हेही ठाऊक होतं. पण खाली कशाला? मोळी आहे तिथे छान होती. वाऱ्यानं हळूच फिरत होती, सळयांच्या टोकांवर ऊन पडत होतं. खाली माणसं माना वर करून उभी होती आणि तिला वाटलं, तीही बहुधा तेच बघताहेत. भीती वाटली नाही. पुढे सगळ्यांनी विचारलं, घाबरलीस का गं, आणि तिला एकालाही समजावून सांगता आलं नाही की नाही, भीती वाटायला पुढे काहीतरी होणार आहे असं वाटावं लागतं.

मामा खालून झेंडा दाखवणारे, वॉकीवर बोलणारे. साऱ्या साइटचे मामा. त्यांनी तिचा आवाज ऐकून नव्हे, तिचं गप्प राहणं ऐकून ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "घार, दोन्ही हात मांडीवर ठेव बघू." एवढं मात्र तिला जमलं. हात सुटले, लिव्हर आपोआप मध्यावर आले, ब्रेक लागला, मोळी जागच्या जागी थांबली. मग फिटर वर चढून आला आणि तिला शिडीवरून खाली घेऊन गेला. वाटेत ती एका पायरीवर थांबली आणि क्रेनच्या खांबावर ठोकलेली कंपनीची पाटी वाचत राहिली. इतकी वर्षं ती पाटी तिथे होती. फिटर म्हणाला, "बाई, चला ना." ती म्हणाली, "हो हो," आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

इस्पितळातली डॉक्टरीण वयानं तिच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं आणि अगदी मधोमध एक पांढुरका ठिपका दाखवला. मसुराएवढा. नवरा खुर्चीच्या कडेवर बसला होता. दुकानातून तसाच उठून आलेला, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस. तो न्हावी, दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस, पण त्या ठिपक्यापुढे त्याची वाचा बसली होती. "याला थॅलॅमस म्हणतात," डॉक्टरीण म्हणाली. "तिथली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद झाली. हातपाय चांगले आहेत, आठवण चांगली आहे. पण काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, आणि आपण काय करायला निघालो होतो ते काम होईपर्यंत धरून ठेवायचं, यात जरा गोंधळ होईल."

"म्हणजे टेलिफोनचं एक्स्चेंजच म्हणा की," नवऱ्याला वाचा फुटली. "इकडचा फोन तिकडे."

"पूर्वी तसंच समजायचे. पण नुसतं जोडून देणं नाही ते. कपाळामागचा मेंदू ठरवतो, हे करायचंय. मग हा भाग त्याच्याशी सारखा बोलत राहतो, हेच ना? हेच ना? म्हणून. ते बोलणं तुटलं की ठरवलेलं विरतं."

"आणि परत जुळतं?"

"पुष्कळदा जुळतं. थोडंफार. वेळ लागतो." मग तिच्याकडे वळून, थोडा आवाज चढवून, ठार बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी, "वर मात्र आता जायचं नाही हं."

ती डॉक्टरणीच्या कोटाचं दुसऱ्या दोऱ्यानं शिवलेलं बटण बघत होती. वर जायचं नाही, हे वाक्य तिला ऐकू आलं. पण ते बटणाच्या शेजारी जाऊन बसलं, बटणाएवढंच. रडू आलं ते घरी आल्यावर, मोजे काढताना, आणि तेव्हा आपण कशाला रडतोय ते आठवेना.

खरं तर लक्ष हीच तिची सारी मिळकत. बाकी तिच्यापाशी काय होतं? शिक्षण बेताचं, रूप चारचौघींसारखं, बोलण्यात नवऱ्याच्या पासंगाला पुरणार नाही. पण एकदा का हुकावर डोळा लागला, की शेजारी वीज पडली तरी तिची पापणी लवत नसे. घार हे नाव त्यावरूनच पडलं. केबिनमध्ये बसलं की जग एका दोराएवढं होई, आणि त्या दोराच्या टोकाशी जे असेल तेवढंच खरं. त्या आखडलेल्या जगात तिला किती सुख होतं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाईमाणसानं घराबाहेर कष्ट उपसले तर लोक कौतुक करतात. त्यात सुख लागतं म्हटलं तर भुवया वर जातात. लेक लहान असताना एकदा तापानं फणफणली होती. नवऱ्यानं निरोप पाठवला, मामांनी वॉकीवर सांगितला, आणि तिनं "बरं" म्हणून सांगाड्यातली तुळई जागेवर बसवली, मग दुसरी बसवली, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी उतरली. घरी आली तर ताप उतरलेला, लेक बापाच्या मांडीवर. तिच्याकडे बघून लेकीनं तोंड फिरवलं नाही की हट्ट केला नाही. नुसतं बघितलं. पुढे मोठी झाल्यावर भांडताना एकदाच म्हणाली, "तू घरी असायचीस तेव्हाही वरच असायचीस, आई. तुझं ऐकण्याकडे लक्षच नसतं." ते वाक्य तिनं ऐकलं होतं. ते एक वाक्य तिनं नीट ऐकलं होतं.

आणि आता ती सारा दिवस घरी. खालच्या मजल्यावर दुकान, वर घर. कात्रीची कचकच, पाण्याच्या फवाऱ्याची फुसफुस, गिऱ्हाइकांच्या गप्पा, सगळं फरशीतून वर झिरपायचं आणि काहीच गळून पडायचं नाही. पाणी प्यायला उठावं तर वाटेत पडद्याचा सुटलेला दोरा दिसायचा, दोरा तोडायला कात्री शोधावी तर खणात लेकीचा जुना चष्मा सापडायचा, तो पुसत बसावं तर दुपार व्हायची, आणि घसा का कोरडा पडलाय ते कळायचं नाही. नवरा वर येऊन म्हणायचा, "अगं, दूध उतू गेलं की." तिला ते उतू जाताना दिसलेलं असायचं. पांढरा फुगा कडेशी कसा थरथरला, मग कसा फुटला, सगळं दिसलेलं. फक्त त्यात आपण काही करायचं असतं हे त्या दिसण्यात कुठे नव्हतं.

त्यातच ती वाटाण्यांची संध्याकाळ आली. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला, लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून "हे स्पष्ट की हे?" म्हणून विचारणारी. तिची बदली झाली होती, दूरच्या शहरात, नव्या शाखेत, बढतीवर. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही चार वेळा सांगून झालं होतं. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. लेक खाली मान घालून काहीतरी बोलायला लागली. हळू, अडखळत, शेंगांशी बोलावं तशी. तिनं ऐकायला घेतलं. शाळेचं काहीतरी होतं सुरुवातीला. इतक्यात फ्रिज सुरू झाला. त्याच्या दारात दोन बाटल्या एकमेकींना चिकटून होत्या आणि त्या थरथरून टिकटिक वाजायला लागल्या. टिक, टिकटिक, टिक. तिचं लक्ष तिकडे गेलं असं नाही. ती टिकटिकच येऊन लेकीच्या शब्दांच्या मधे मधे बसली, आणि मग शब्द कोणते आणि बाटल्या कोणत्या ते निवडता येईना. मग लेक थांबली. तिच्याकडे बघू लागली. काहीतरी विचारलं गेलं होतं. विचारून झाल्यावर खोलीत जशी शांतता पडते तशी पडली होती. काहीतरी म्हणायला हवं.

"हो," ती म्हणाली.

लेकीचा हात शेंगेवर थबकला. "हो?"

"हो."

लेक उठली. अर्धे वाटाणे तसेच राहिले. "बरं झालं," ती म्हणाली, "एकदाचं कळलं," आणि तिच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही. लागलं.

त्यानंतर लेक नीट वागायची. औषध द्यायची, केस विंचरून द्यायची, "आई, थंडी वाजते का?" विचारायची, जशी दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारत असेल. आपण कशाला हो म्हटलं? मी गेले तर तुला चालेल का, याला? तुला माझ्यापेक्षा काम मोठं होतं का, याला? की हे घर सोडून कायमची जाऊ का, याला? रात्री डोळे मिटले की प्रश्न येत, एकेका प्रश्नाखाली तिचं ते 'हो' ठेवून बघावं तर प्रत्येकाखाली ते बसायचं आणि प्रत्येक वेळी लेकीच्या आतलं काहीतरी मरायचं. सरळ विचारून टाकावं, मला ऐकूच आलं नाही गं. पण जगात दुसऱ्या कुणालाही ते सांगता आलं असतं. या एका मुलीला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. शिवाय विचारायला जावं तरी जमावं ना! एकदा ती ठरवून उठली आणि लेकीच्या दारापर्यंत गेली. दाराची मूठ सैल झाली होती. ती हलवून बघितली, हलवत राहिली. लेक आतून म्हणाली, "काय हवंय, आई?" तिला काय हवंय ते मुठीत गेलं होतं. "मूठ सैल झालीय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा पोचली तेव्हा हातात इस्त्रीचे कपडे होते आणि ते कुठून आले याचाच विचार करत परत आली. नवऱ्याला विचारलं, "ती तुम्हाला काही म्हणाली का हो?" तो म्हणाला, "कशाबद्दल?" आणि इथेच सगळं अडलं, कारण कशाबद्दल तेच तर हवं होतं.

एका दुपारी मामा भेटायला आले. साइटवर ते टोपी-झेंड्यात. घरात, इस्त्रीच्या सदऱ्यात, अगदीच वेगळे, लहानखुरे दिसत होते. तिनं त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कानातला आवाज म्हणजे मामा. त्याला नाक आणि गुडघे असतील हे लक्षात यायचं कारण नव्हतं. त्यांनी संत्री आणली होती. तिच्या जागी एक पोरगेला माणूस आलाय, हुशार आहे पण तोंडात च्युइंगम, असं काहीतरी ते सांगत होते. मग तिच्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं बघून सहज म्हणाले, "सोल, घार. पुढे. हं, आता फोड काढ. एकच. तोंडात टाक." आणि तिनं संत्रं सोललं, फोड काढली, खाल्ली, एका दमात, मधे कुठे न थांबता. नवरा दारात उभा राहून बघत होता. मामा गेल्यावर त्यानंही तसा आवाज काढून बघितला, "घे कप. उचल. तोंडाला लाव," पण त्याला स्वतःलाच हसू फुटलं, आणि तिलाही, आणि चहा साडीवर सांडला. हसता हसता त्यानं कप उचलून ठेवला. "आमचं मेलं कधी ऐकलंस का तू," असं म्हणून खाली निघून गेला. थट्टेत म्हणाला की खरंच, हे तिला ठरवता आलं नाही. संध्याकाळभर त्याचं ते वाक्य तिथेच, सांडलेल्या चहाच्या डागाशी बसून राहिलं. मामा निघताना तिनं त्यांना दाराशी विचारलं होतं, "धरून कसं ठेवायचं हो, मामा?" मामांनी बूट चढवत म्हटलं होतं, "मला काय कळतंय त्यातलं. मी आपला मोठ्यानं बोलतो. मनात ठेवलं की सांडतं."

लेक निघाली तो दिवस. बापाबरोबर जेवली, बॅग उचलली, तिच्यापाशी येऊन वाकली, "येते, आई. औषधं वेळेवर घे." तिनं लेकीच्या कानामागचा तीळ बघितला. तिथे तीळ आहे हे तिला माहीत नव्हतं. नवरा जिन्यातून म्हणाला, "खुर्चीत गिऱ्हाईक अर्धं झालंय, ते संपवून मी थांब्यावर येतोच." दार लागलं. आणि दार लागल्याच्या त्या आवाजातच, बाकी काही वाजत नव्हतं अशा एका क्षणी, तिला लख्ख आठवलं: विचारायचंय. ती उठली. पायात चपला सरकवल्या, एक स्वतःची, एक नवऱ्याची. "विचारायचंय," ती मोठ्यानं म्हणाली आणि जिना उतरली.

बसथांबा काही लांब नव्हता. पण तेवढ्या रस्त्यात काय नव्हतं! "विचारायचंय, विचारायचंय." काचवाल्याच्या दुकानातून दोन माणसं एक मोठा आरसा आडवा धरून नेत होती आणि आरशात आभाळ चाललं होतं, तिचे पाय त्या आभाळामागे वळले, तोंड मात्र म्हणत राहिलं, "विचारायचंय," आणि आरसा धरणारा म्हणाला, "विचारा ना बाई, काय?" ती दचकून पुन्हा वाटेला लागली. भिंतीला रंग देणाऱ्याच्या डब्यातला रंग, कुत्र्याचा एक उभा कान, कुणाच्या तरी घरातलं खोकणं. सगळे बाहीला धरून ओढत होते. शाळेतून परतणारी दोन पोरं तिच्यामागून तिच्याच सुरात "विचारायचंय, विचारायचंय" म्हणत आली आणि गंमत अशी की तिला त्याचा उपयोगच झाला. कोपऱ्यावर पोरं वळली, तरी शब्द तोंडात शाबूत होता. आपण चालतोय की शब्द चालतोय, हे तिला कळत नव्हतं. हे आपल्याला हवं आहे म्हणून आपण म्हणतोय, की म्हणतोय म्हणून हवं वाटतंय?

गाडी लागायची होती. लेक बाकावर बसली होती, बॅग पायांशी.

"आई! एकटी आलीस? हे काय पायात?"

"विचारायचंय," ती म्हणाली.

"काय?"

आणि तिच्या लक्षात आलं की वाटभर तिनं तेवढंच धरून ठेवलं होतं. विचारायचंय. काय ते धरायचं राहूनच गेलं. ती उभी राहिली. थांब्यावरची माणसं, पिशव्या, लाउडस्पीकरची घरघर, सगळं तिच्या अंगावर आलं. लेक म्हणाली, "बस आधी." ती बसली. लेकीच्या मांडीवर हिरवी ओढणी होती. हिरवी. ती ओढणी तिनं बोटांत धरली आणि धरून राहिली.

"वाटाणे," ती म्हणाली. "वाटाणे सोलताना तू मला काहीतरी विचारलंस. मी हो म्हटलं. मला ऐकू आलं नव्हतं."

लेक तिच्याकडे वळली. "ऐकू आलं नव्हतं?"

"नाही."

"मग सांगायचं ना तसं!"

"तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

लेकीनं बॅगेचा पट्टा हातात घेतला. मग समोर बघत, भरभर, परत धीर होणार नाही अशा घाईनं म्हणाली, "लहानपणी शाळेत जाताना मी तुमच्या साइटच्या कुंपणाच्या पत्र्यापाशी थांबायचे. रोज. तुला खालून हात करायचे. दोन्ही हात. तू कधी उलट हात केला नाहीस. मी तेवढंच विचारलं होतं, तुला मी दिसायचे का?"

हो म्हटलं ते याला. दिसायचीस, आणि मी हात केला नाही. आपलं हे 'हो' इतके दिवस या पोरीनं एकटीनं बाळगलं होतं. तिनं डोळे मिटले आणि पत्र्यापाशी बघितलं. आणि तिथे एक मुलगी होती. एक मोजा घसरलेला, पाठीवर दप्तर, दोन्ही हात वर. अगदी स्पष्ट. पण आता सगळंच स्पष्ट दिसत होतं. ही तेव्हाची, की आत्ता ऐकता ऐकता मनानं उभी केलेली? तेव्हा डोळ्यांत शिरलेली आणि कुठेतरी दारातच अडवलेली, इतकी वर्षं बाहेर ताटकळलेली? तिला काही कळेना. हो म्हणावं की नाही म्हणावं, कशानं हिचं कमी दुखेल, हेही कळेना.

"नाही गं," शेवटी ती म्हणाली. "मला हुकाशिवाय काही दिसायचं नाही. आत्ता दिसतेयस. पण ती खरी की खोटी, मला नाही सांगता येत."

"म्हणजे दिसले नाही."

"नाही."

लेकीनं श्वास सोडला. हलकी झाली की आणखी खोल दुखावली, हे तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. चेहऱ्यावर एकाच वेळी फार गोष्टी होत्या. "मग हो कशाला म्हणालीस?"

"फ्रिज वाजत होता."

"काय?"

"फ्रिज. त्यातल्या बाटल्या."

लेकीच्या तोंडून आधी नुसतीच हवा निघाली. मग ती हसायला लागली, ओणवी होऊन, पोट धरून, शेजारचा म्हातारा वळून बघेपर्यंत. हसता हसता ते हसणं कुठेतरी वळलं आणि तिनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती लेकीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. किती वेळ फिरवायचा असतो ते तिला आठवेना, म्हणून फिरवतच राहिली.

गाडी आली. नवरा धापा टाकत पोचला तेव्हा लेक चढून गेली होती. "कुठून चढली? कुठे बसली?" त्याचं चालूच होतं. "अगं ती बघ, तिकडे, मागून दुसरी!" पण गाडीला किती तरी खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी होतं, आणि पुष्कळांचे हात हलत होते. एक लहान मूल, एक बाई, तो म्हातारा, काचेवर आपटलेला एक पंजा, हिरवं काहीतरी, की ते पलीकडच्या झाडाचं प्रतिबिंब? सगळे सारखेच जवळ, सारखेच लांब. नवरा बोटानं दाखवत होता, पण तिला आधी त्याचं बोट दिसलं, मग नख, मग नखात अडकलेला केस. गाडी हलली. तिनं दोन्ही हात वर केले आणि पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत सगळ्यांनाच हात करायला लागली, जोरजोरात, एकही सुटू नये म्हणून. म्हाताऱ्यानं हसून उलट हात केला.